येशूची कथा आणि इतिहासाची साक्ष



येशू ख्रिस्त खरोखरच होऊन गेला का हो, असे वर्गातला एखादा चुणचुणीत मुलगा विचारतो आणि मास्तर अडचणीत सापडतात. 'हो' म्हणावे तर पुरावा कोणता? 'नाही' म्हणावे तर कोट्यवधी माणसांच्या श्रद्धेला धक्का. तेव्हा श्रद्धा आणि अश्रद्धा दोन्ही क्षणभर बाजूला ठेवू या आणि जुने कागद काय बोलतात ते पाहू या.

येशूच्या हातची एकही ओळ आपल्याजवळ नाही. त्याला क्रुसावर दिले ते इ. स. ३० च्या सुमारास. सर्वांत जुने ख्रिस्ती लेखन म्हणजे संत पौलाची पत्रे. ती साधारण इ. स. ५० ते ६० मधली. मार्काचे शुभवर्तमान ७० च्या आसपासचे, मत्तय आणि लूक त्यानंतरचे, योहान शतक संपता संपता. म्हणजे मधे चाळीस ते साठ-सत्तर वर्षे गेली. आपल्याकडच्या काही बखरींच्या मानाने हे अंतर थोडेच. पण आठवणींना पाय फुटायला तेवढे पुरते!

लूक सांगतो की क्विरीनिय हा सूरियाचा सुभेदार असताना खानेसुमारी झाली, म्हणून योसेफ व मरीया बेथलेहेमास गेली. मत्तय म्हणतो, येशू जन्मला तेव्हा हेरोद राजा जिवंत होता. आता हेरोद मेला इ. स. पूर्व ४ मध्ये, आणि क्विरीनियची खानेसुमारी झाली इ. स. ६ मध्ये. हा दहा वर्षांचा सांधा जुळवण्याची खटपट पुष्कळांनी केली आहे. मला ती पटत नाही. लूकची इथे गल्लत झाली, असे सरळ म्हणावे.

पण म्हणून सगळेच खोटे का? तसे नव्हे. येशूने योहानाच्या हातून बाप्तिस्मा घेतला, असे मार्क साधेपणाने सांगून मोकळा होतो. मत्तयाला मात्र ते अवघड वाटते. गुरूने दुसऱ्याकडून दीक्षा घ्यावी कशी? म्हणून त्याच्याकडे योहान आधी आढेवेढे घेतो. जी गोष्ट सांगणाऱ्यालाच अडचणीची, ती तो मुद्दाम रचील कशाला?

आता बाहेरची साक्ष. जोसीफस हा यहुदी इतिहासकार. त्याने इ. स. ९३ च्या सुमारास आपल्या लोकांचा इतिहास वीस भागांत ग्रीकमध्ये लिहिला. त्याच्या अठराव्या भागात, येशू हाच मसीहा होता आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा दिसला, असा मजकूर आहे. जोसीफस काही ख्रिस्ती झाला नव्हता. मग तो असे लिहील कसा? तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिजेन तर स्पष्ट सांगतो की जोसीफस येशूला ख्रिस्त मानीत नव्हता. उघडच आहे, कुणा भाविक लेखनिकाने मजकुरात हात घातला. कित्येकांच्या मते मूळ उल्लेख खरा, भर मागाहूनची. काहींच्या मते सारेच बनावट. १९७१ मध्ये श्लोमो पिनेस यांनी दहाव्या शतकातला एक अरबी पाठ पुढे आणला. त्यात ही भाषा पुष्कळच सौम्य आहे. शत्रूने केले नसते एवढे नुकसान त्या भक्ताने केले, कारण चांगला साक्षीदारच त्याने संशयित करून ठेवला.

सुदैवाने विसाव्या भागात दुसरा उल्लेख आहे. इ. स. ६२ मध्ये रोमी सुभेदार मरण पावला होता आणि नवा अजून वाटेवर होता. ती संधी साधून महायाजक अनान याने काही जणांना दगडमार करविला. त्यांत याकोब नावाचा एक जण होता. कोणता याकोब? तर ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ. बस्स, एवढेच! ना स्तुती, ना चमत्कार. केवळ ओळख पटावी म्हणून हे नाव आले आहे. भर घालणारा भक्त इतक्यावर थांबता ना. आणि गंमत पाहा, हाच याकोब आपल्याला यरुशलेमात भेटला होता, असे पौलाने गलतीकरांस तीसचाळीस वर्षे आधी लिहून ठेवले आहे. दोघांनी एकमेकांचे वाचून लिहिले, असे मानायला काहीच आधार नाही.

जोसीफसला स्वतःला गोष्ट सांगायची होती ती अनानची. या कृत्यापायी अनानचे महायाजकपद तीन महिन्यांतच गेले.