वकिलाशिवाय दिवाणी दावा कसा दाखल करावा?

१२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी न्यायालयात बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध एक दावा दाखल झाला. चवदार तळे खासगी मालकीचे आहे, असे वादींचे म्हणणे होते. दोनच दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम निघाला आणि २५ डिसेंबरला हजारो सत्याग्रही महाडात जमूनही तळ्यावर पाणी घेण्याचा कार्यक्रम तहकूब करावा लागला. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. दाव्याच्या कागदात किती ताकद असते, हे आपल्या चळवळीने असे अनुभवले आहे. तरीही हातउसने पैसे अडकले किंवा शेजाऱ्याने बांध रेटला की आपली मुले पोलीस ठाण्यात अर्ज देऊन थांबतात. ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे उत्तर मिळते आणि फाईल तिथेच बंद होते.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ नुसार पक्षकाराला स्वतः दावा दाखल करता येतो आणि स्वतः उभे राहता येते. तालुका व जिल्हा न्यायालयांत दावा मराठीतच लिहिता येतो.

लिहायला बसण्यापूर्वी मुदत पाहा. हातउसन्या रकमेसाठी पैसे दिल्यापासून ३ वर्षे. मात्र त्या मुदतीत समोरच्याने सही करून देणे कबूल केले असेल, तर त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. मालकीच्या आधारे जमिनीचा ताबा मागायचा असेल, तर १२ वर्षे. ‘आज देतो, उद्या देतो’ यावर विसंबून मुदत घालवलेले कितीतरी जण आम्हाला भेटतात. जमिनीचा दावा जमीन जिथे आहे तिथल्या न्यायालयात. पैशाचा दावा प्रतिवादी राहतो किंवा व्यवहार झाला तिथे. प्रतिवादी शासन असेल, तर आधी कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

आता दावा. वर न्यायालयाचे नाव, त्याखाली वादी व प्रतिवादी यांची पूर्ण नावे, वय, धंदा, पत्ता. पुढे क्रमांक घातलेल्या परिच्छेदांत हकिकत, एका परिच्छेदात एकच गोष्ट. ‘प्रतिवादीने माझी फसवणूक केली’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या तारखेला, कुठे, किती रक्कम, रोख की बँकेतून, कोण हजर होते, परत कधी मागितली, काय उत्तर मिळाले, हे सगळे यायला हवे. जमीन असेल तर गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा. राग कागदावर उतरवू नका. जातिवाचक शिवीगाळ झाली असेल, तर ॲट्रॉसिटी कायद्याखाली वेगळी फिर्याद द्या. पैशाच्या दाव्यात ती मिसळली की मूळ मागणी झाकोळते.

हकिकतीनंतर दाव्यास कारण केव्हा व कुठे घडले, दावा मुदतीत कसा आहे, दाव्याची किंमत किती आणि कोर्ट फी किती भरली, हे लिहायचे. शेवटी विनंती. इथे घाई करू नका. मुद्दल मागितली आणि व्याज विसरलात, तर व्याजासाठी दुसरा दावा सहसा चालत नाही. तातडीची मनाई हवी असेल, तर त्यासाठी वेगळा अर्ज व शपथपत्र लागते. दाव्याखाली सत्यापन करून सही करा. कोणता मजकूर स्वतःच्या माहितीचा आणि कोणता ऐकीव, हे त्यात सांगावे लागते. सोबत शपथपत्र, कागदांची यादी व कागद आणि प्रत्येक प्रतिवादीसाठी एक प्रत.

कोर्ट फी परवडत नसेल, तर निर्धन म्हणून दावा चालवण्याची परवानगी मागता येते. त्याहून सोपा रस्ता आपल्या हक्काचा आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमाती आणि महिला यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जातीचा दाखला घेऊन तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा. आमचे मत स्पष्ट आहे: पैशाचा साधा दावा स्वतः लिहा, वाटप किंवा विहाराच्या जागेचा दावा असेल, तर निदान मसुदा तरी तिथल्या वकिलाकडून तपासून घ्या.

दाखल करताना लिपिक त्रुटी काढतील. वाद न घालता त्या लिहून घ्या आणि दिलेल्या मुदतीत दुरुस्त करा. दाव्याचा नंबर मिळाला की समन्सचा भत्ता लगेच भरा, कारण समन्स बजावल्याशिवाय प्रकरण हलत नाही. बजावणीनंतर प्रतिवादीला कैफियत देण्यासाठी ३० दिवस असतात. न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. प्रत्येक तारखेला हजर राहा. प्रतिवादी हजर आणि तुम्ही गैरहजर, असे झाले तर दावा निकाली निघू शकतो. तसे झालेच तर योग्य कारण दाखवून ३० दिवसांच्या आत तो पुन्हा बोर्डावर घेण्याचा अर्ज द्या.