विस्मृतीचा माग

जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदास्नानाला येणाऱ्या मराठी कुटुंबांना, महाराष्ट्रातल्यांप्रमाणेच, ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण परिचित आहे. वृद्ध मनुष्य घाटावरून घरची वाट विसरला, लेकाचे नाव चुकला, की वयाकडे बोट दाखवून मंडळी गप्प बसतात. ही समजूत केवळ मराठी माणसाची नव्हे; युरोपातील वैद्यकही दीर्घकाळ जवळजवळ असेच मानीत असे.

इ. स. १९०१ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर ही अवघ्या ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. स्वतःचे नाव लिहितानाही ती मध्येच अडे. डॉ. आलोइस आल्झायमर यांनी तिची उत्तरे टिपून ठेवली. १९०६ मध्ये ती निवर्तली, तेव्हा म्यूनिकला गेलेल्या आल्झायमरांनी तिचा मेंदू मागवून घेतला. चांदीच्या क्षाराने रंगविलेल्या कापांत पेशींबाहेर साठलेल्या चकत्या आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता आढळला. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी या रोगाला आल्झायमरांचे नाव दिले.

तरीही तो अकाली जडणारा दुर्मिळ रोगच मानला जाई. १९६८ च्या सुमारास न्यूकॅसलच्या संशोधकांनी दाखविले, की वृद्धांतही बुद्धिभ्रंश जितका अधिक, तितक्या या चकत्या अधिक. दोष नुसत्या वयाचा नव्हता. मात्र रोगाची खात्री होई ती मरणोत्तर.

१९८४ मध्ये ग्लेनर व वाँग यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील साठ्यांतून अमायलॉइड-बीटा हे प्रथिन वेगळे केले. चकत्याही त्याच्याच असल्याचे लवकरच कळले. तंतूंच्या गुंत्यातील प्रथिन टाऊ ठरले. मग पाठीच्या कण्यात सुई घालून काढलेल्या द्रवात ही प्रथिने मोजली जाऊ लागली. रोग असता अमायलॉइड चकत्यांत अडकून राहते, म्हणून द्रवात ते घटते. टाऊ मात्र वाढते. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रक्तावरील अशा पहिल्या चाचणीस मान्यता दिली. तीही ५५ वर्षांवरील, लक्षणे दिसू लागलेल्या रुग्णांपुरती आणि वैद्याच्या इतर तपासणीच्या जोडीने.

चाचणीने रोग बरा होत नाही, हे खरे. परंतु विस्मरण बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावानेही होते, थायरॉइड ग्रंथीच्या मांद्यानेही होते, आणि तेथे उपचारांचा गुण येऊ शकतो. म्हणून म्हणीवर विसंबून न राहता वृद्धाला वेळीच वैद्याकडे नेणे, हाच या सव्वाशे वर्षांच्या शोधाचा घरोघरी पोचावा असा बोध होय.