परक्याचे नाव, गावाचा सत्पुरुष

नाव माणसाचे असते, तसे स्थळाचेही असते. ‘वॉलेस’ हे इंग्रजी आडनाव दोन्हींकडे आढळते. मध्ययुगीन ब्रिटनमध्ये त्याचा मूळ अर्थ ‘परका’, विशेषतः वेल्सकडील माणूस, असा होता. स्कॉटलंडचा स्वातंत्र्यवीर विल्यम वॉलेस याला १३०५ साली लंडनमध्ये देहदंड झाला. पुढे कॅनडातील वॉलेसबर्ग या नगराला त्याचे नाव मिळाले. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्यामुळे इंडोनेशियातील कित्येक बेटांचा प्रदेश ‘वॉलेशिया’ म्हणून ओळखला जातो.

आपल्या पुणे जिल्ह्यात मात्र उलटेच घडले. येथे स्थळाने माणसाचे नाव घेतले नाही. लोकांनी माणसालाच नवे नाव दिले.

दौंडच्या उत्तरेस, घोड नदीच्या काठी शिरूर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे इंग्रजांच्या तैनाती फौजेची छावणी होती. कर्नल विल्यम वॉलेस हे तिचे सेनापती. १८०३ साली असईच्या रणांगणावर मराठी फौजांचा पराभव झाला, तेव्हा वेलस्लीच्या हाताखाली एका ब्रिगेडचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. म्हणजे ते जेत्यांच्या बाजूचे. १८०९ साली शिरूर येथेच त्यांचे निधन झाले व तेथेच त्यांना मूठमाती मिळाली.

१८८५ सालच्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये या थडग्याची नोंद आहे. ब्राह्मण व मारवाडी वगळता शिरूर व आसपासच्या खेड्यांतील सर्व हिंदू त्याची पूजा करीत. सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा नैवेद्य तेथे ठेवीत. मृत्यूला पाऊणशे वर्षे उलटल्यावरही लोक त्यांना ‘सत्पुरुष’ म्हणत होते.

आपल्या श्रद्धेनुसार आराधना केवळ परमेश्वराची. संतपदही चर्च दीर्घ चौकशीअंती बहाल करते. तरीही पहिले कणीस परक्याच्या थडग्यापाशी ठेवणाऱ्या कुणब्याच्या कृतज्ञतेला आपण हसू नये.

याच नावाचे एक धर्मगुरू बंगालमध्ये होऊन गेले. फादर विल्यम वॉलेस प्रथम अँग्लिकन मिशनरी होते. वैष्णव भक्तीच्या अभ्यासाने त्यांची दृष्टी पालटली. ते कॅथलिक झाले, येशूसंघात दाखल झाले. १९२२ साली त्यांचे निधन झाले. शिकवायला आलेला परका येथे शिकला.

२ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावतो, तेव्हा एखाद्या अनोळखी नावापाशीही क्षणभर थांबावे. ‘परका’ हे केवळ आडनाव असते. ‘सत्पुरुष’ हे नाव लोक देतात.