वसई-विरारमधील सार्वजनिक सभास्थळे आणि राजकीय वाद

वसई-विरार हे महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील शहर असून, मुंबईच्या उत्तरेस वसईच्या खाडीपलीकडे वसलेले आहे. येथील किल्ला, मैदाने, चौक, रेल्वे स्थानके, ग्रामसभा आणि महापालिकेचे सभागृह ही स्थळे वेळोवेळी राजकीय संघर्षाची रंगभूमी ठरली आहेत. या संघर्षांत वाद केवळ भाषणांच्या आशयावर झालेला नाही. अमुक जागा कोणाची, तेथे जमण्याचा अधिकार कोणाला आणि परवानगी देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार कोणाकडे, हे प्रश्नही तितक्याच तीव्रतेने पुढे आले आहेत. प्रस्तुत लेखात अशा प्रमुख स्थळांचा आणि त्यांच्याशी निगडित घटनांचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी

वसई तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्ह्याची निर्मिती झाल्यावर तो नव्या जिल्ह्यात समाविष्ट झाला. तालुक्याचा पश्चिम भाग बागायती गावांचा, किनारा कोळीवाड्यांचा आणि पूर्व भाग डोंगराळ व आदिवासी पाड्यांचा आहे. रेल्वेमार्गालगत वसई रोड, नालासोपारा आणि विरार ही दाट वस्तीची उपनगरे वाढली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. जुनी गावे आणि नवी उपनगरे यांच्या गरजा भिन्न असल्याने जमीन, पाणी आणि नागरी सत्ता हे येथील राजकारणाचे कायमचे विषय राहिले आहेत.

या परिसराला जनआंदोलनाची जुनी परंपरा आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’ आंदोलनात पालघर येथे कचेरीवर निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाच जण हुतात्मा झाले. पालघर शहरातील हुतात्मा चौकात त्यांचे स्मारक असून, दरवर्षी १४ ऑगस्टला तेथे अभिवादन केले जाते. ज्या रस्त्यावर मोर्चा काढणे परकीय सत्तेने गुन्हा मानले, तोच परिसर स्वातंत्र्यानंतर शासकीय मानवंदनेचे स्थान झाला.

वसईचा किल्ला

वसईचा किल्ला हे तालुक्यातील सर्वांत महत्त्वाचे ऐतिहासिक स्थळ होय. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे दोनशे वर्षे ती त्यांच्या उत्तरेकडील मुलखाची राजधानी होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पा यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी दीर्घ वेढ्यानंतर मे महिन्यात किल्ला जिंकला. १७८० मध्ये तो इंग्रजांनी घेतला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह वसईच्याच नावाने ओळखला जातो. या तहाने पेशव्यांनी इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली.

अशा रीतीने मराठ्यांच्या एका मोठ्या विजयाचे आणि त्यांच्या सत्तेच्या ऱ्हासाच्या प्रारंभाचे स्मरण एकाच स्थळाशी जोडलेले आहे. किल्ल्याच्या तटबंदीत पोर्तुगीजकालीन चर्चचे अवशेष आणि हिंदू मंदिरे दोन्ही आहेत. स्थानिक ख्रिस्ती समाजाच्या दृष्टीने किल्ल्यातील चर्च हा त्यांच्या धार्मिक इतिहासाचा भाग आहे. मराठा विजयाचे स्मरण करणाऱ्यांच्या दृष्टीने तीच तटबंदी पराक्रमाची साक्ष आहे. किल्ल्याच्या परिसरात चिमाजी अप्पांचे स्मारक असून, विजयदिनानिमित्त मे महिन्यात कार्यक्रम होतात. सार्वजनिक समारंभात यांपैकी कोणत्या इतिहासाला किती स्थान द्यावे, हा प्रश्न त्यामुळे निव्वळ इतिहासाचा न राहता वर्तमान राजकारणाचाही ठरतो.

किल्ला केंद्र शासनाच्या संरक्षित स्मारकांत मोडतो. १९५९ च्या नियमांनुसार केंद्र शासनाच्या परवानगीवाचून संरक्षित स्मारकात सभा, मेजवानी वा संमेलन भरवता येत नाही. परंपरेने चालत आलेल्या धार्मिक प्रथांचा याला अपवाद आहे. स्मारकाभोवतीचे १०० मीटरचे क्षेत्र बांधकामास निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित आहे. परिणामी किल्ला ‘सर्वांचा’ असला तरी तेथे काय घडावे याचा अंतिम निर्णय स्थानिक संस्थेच्या हाती नाही.

हरित वसई चळवळ

१९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हरित पट्ट्यातील जमीन मोठ्या प्रमाणावर बांधकामासाठी खुली करण्याची धोरणे पुढे आली. १९९० मध्ये सिडकोची या क्षेत्रासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. वाडी, विहिरी आणि भूजल यांवर उपजीविका असलेल्या गावांनी त्याला विरोध केला. हरित वसई संरक्षण समितीच्या नेतृत्वात फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे धर्मगुरू आणि लेखक अग्रभागी होते. ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. पुढे उस्मानाबाद येथे २०२० मध्ये भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

या चळवळीचे वैशिष्ट्य म्हणजे तिच्यात निरनिराळ्या धर्मांचे व जातींचे शेतकरी एकत्र आले. धर्मगुरूने राजकीय प्रश्नावर जाहीर भूमिका घ्यावी का, हा वाद त्या निमित्ताने झाला. जमीन आणि पाणी हा उपजीविकेचा, म्हणून नैतिकतेचा प्रश्न आहे, असे चळवळीचे म्हणणे होते.

महानगरपालिका आणि ग्रामसभा

३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व ५३ गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन करण्यात आली. अनेक गावांनी या समावेशाला तीव्र विरोध केला. करांचा बोजा वाढेल आणि हरित पट्टा नष्ट होईल, ही त्यामागची प्रमुख भीती होती. ‘गावे वगळा’ ही मागणी २००९ च्या विधानसभा निवडणुकीत कळीची ठरली आणि आंदोलनाचे नेते विवेक पंडित वसई मतदारसंघातून अपक्ष म्हणून निवडून आले. २०११ मध्ये राज्य शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला. तो न्यायालयात गेला आणि प्रश्न अनेक वर्षे प्रलंबित राहिला. २०२४ मध्ये शासनाने ही गावे महापालिकेतच ठेवण्याची भूमिका घेतली.

या वादाला सभास्थळाचाही पैलू आहे. ग्रामपंचायत असलेल्या गावात ग्रामसभा ही कायद्याने मान्य केलेली संस्था असते. गावाच्या मतदारयादीतील प्रत्येक व्यक्ती तिची सदस्य असते आणि तिला सरपंचाला समोरासमोर जाब विचारता येतो. गाव महापालिकेत गेले की ग्रामपंचायतीबरोबर ग्रामसभाही संपुष्टात येते. तिच्या जागी येणाऱ्या महापालिकेच्या महासभेत नागरिकाला बोलण्याचा अधिकार नसतो. त्याच्या वतीने नगरसेवक बोलतो. म्हणजे गावकऱ्यांनी जे गमावले, त्यात थेट बोलण्याची एक हक्काची जागाही होती.

महापालिकेची मुदत जून २०२० मध्ये संपल्यावर निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्यामुळे काही वर्षे लोकनियुक्त महासभाही अस्तित्वात नव्हती. या काळात पाणी, रस्ते आणि अनधिकृत बांधकामे यांवरील गाऱ्हाणी मांडण्यासाठी मोर्चे, उपोषणे आणि धरणे हेच मार्ग उरले. महापालिकेची पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली.

प्रचारसभा

मुंबईतील शिवाजी पार्कप्रमाणे वसई-विरारमध्ये एकच सर्वमान्य सभास्थळ नाही. सभा वसई, नालासोपारा आणि विरार यांतील विविध मैदानांवर होतात. १ मे २०१८ रोजी, महाराष्ट्र दिनी, महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे अध्यक्ष राज ठाकरे यांनी वसईत सभा घेऊन मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन प्रकल्पाला विरोध करण्याचे आवाहन केले. हा प्रकल्प पालघर जिल्ह्यातून जात असल्याने सभास्थळाची निवड सूचक मानली गेली.

त्याच महिन्यात पालघर लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक झाली. खासदार चिंतामण वनगा यांच्या निधनामुळे ही जागा रिक्त झाली होती. राज्यात सत्तेत एकत्र असलेले भारतीय जनता पक्ष आणि शिवसेना या निवडणुकीत समोरासमोर होते. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांनी विरारमध्ये प्रचारसभा घेतली. शिवछत्रपतींच्या प्रतिमेला हार घालताना त्यांनी पायातील खडावा काढल्या नाहीत, अशी टीका शिवसेनेचे पक्षप्रमुख उद्धव ठाकरे यांनी केली. आदित्यनाथ यांनी ती फेटाळली. सभेतील भाषणाहून व्यासपीठावरील वर्तनच अधिक गाजल्याचे हे उदाहरण होय. निवडणुकीत भाजपचे राजेंद्र गावित विजयी झाले.

रेल्वे स्थानके

विरार आणि मुंबईतील बॅकबे यांच्या दरम्यान १२ एप्रिल १८६७ रोजी लोकल गाडी सुरू झाली. आज तालुक्यातील बहुसंख्य नोकरदारांचे जीवन या मार्गावर अवलंबून आहे. त्यामुळे लोहमार्ग हे निषेधाचे प्रभावी, परंतु सर्वाधिक वादग्रस्त स्थळ ठरते. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर दहशतवादी हल्ला झाला. त्याच्या निषेधार्थ १६ फेब्रुवारीला नालासोपारा स्थानकात जमाव रुळांवर उतरला आणि पश्चिम रेल्वेची वाहतूक काही तास ठप्प झाली. जमावाच्या भावनेविषयी सहानुभूती व्यक्त झाली. तथापि ज्यांची अडवणूक झाली ते प्रवासीही त्याच शोकात सहभागी होते, याकडेही लक्ष वेधले गेले.

विरार हॉटेल प्रकरण (२०२४)

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीचे मतदान २० नोव्हेंबरला होते. आदल्या दिवशी, १९ नोव्हेंबरला, भाजपचे राष्ट्रीय सरचिटणीस विनोद तावडे विरार पूर्वेतील विवांता हॉटेलमध्ये असताना बहुजन विकास आघाडीच्या कार्यकर्त्यांनी त्यांना घेराव घातला. तेथे मतदारांना वाटण्यासाठी पाच कोटी रुपये आणल्याचा आरोप आघाडीचे नेते हितेंद्र ठाकूर व क्षितिज ठाकूर यांनी केला. तावडे यांनी आरोप साफ फेटाळला. मतदानाच्या दिवशीच्या कार्यपद्धतीबाबत कार्यकर्त्यांना माहिती देण्यासाठी आपण गेलो होतो, असे त्यांनी सांगितले. निवडणूक अधिकाऱ्यांनी हॉटेलमधून ९ लाख ९३ हजार रुपयांची रोकड जप्त केली आणि पोलिसांनी गुन्हे नोंदवले. आरोपांचा पुनरुच्चार करणाऱ्या काँग्रेस नेत्यांना तावडे यांनी १०० कोटी रुपयांच्या अब्रुनुकसानीची नोटीस बजावली.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत मतदारसंघात जाहीर सभा घेता येत नाही. या काळात मैदाने रिकामी असतात आणि राजकीय हालचाली बंद दाराआड होतात. खासगी हॉटेलातील बैठक ही ‘सभा’ की पक्षांतर्गत काम, हा मुद्दा या प्रकरणामुळे चर्चेत आला. २३ नोव्हेंबरच्या निकालात नालासोपाऱ्यात भाजपचे राजन नाईक यांनी क्षितिज ठाकूर यांचा, तर वसईत भाजपच्या स्नेहा दुबे-पंडित यांनी हितेंद्र ठाकूर यांचा पराभव केला.

परवानगीचा प्रश्न

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ ने नागरिकांना शांततेने व निःशस्त्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. सार्वजनिक सुव्यवस्थेच्या दृष्टीने त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ अन्वये पोलिसांना मिरवणुका व जमाव यांचे नियमन करण्याचे अधिकार आहेत. मात्र १९७२ च्या हिम्मतलाल शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सार्वजनिक रस्त्यावरील सभांचे नियमन करता येते; परवानगी नाकारण्याचा निरंकुश अधिकार अधिकाऱ्याला देता येत नाही.

१ ऑक्टोबर २०२० पासून वसई-विरार हे मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते. याच आयुक्तालयाच्या हद्दीत जुलै २०२५ मध्ये परवानगीचा मोठा वाद झाला. मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाल्यानंतर व्यापाऱ्यांनी मीरा रोड येथे मोर्चा काढला. त्याला उत्तर म्हणून ८ जुलैला मराठी संघटना व पक्षांनी मोर्चाची हाक दिली, तेव्हा पोलिसांनी अनेक कार्यकर्त्यांना ताब्यात घेतले. व्यापाऱ्यांना मुभा आणि मराठी जनांना मज्जाव का, असा प्रश्न विचारला गेला. परवानगी नाकारली नव्हती, केवळ मोर्चाच्या मार्गाला हरकत होती, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले. अखेर मोर्चा निघाला आणि काही दिवसांतच पोलीस आयुक्तांची बदली झाली.

मुंबईतही असे वाद झाले आहेत. शिवसेनेतील फुटीनंतर २०२२ च्या दसरा मेळाव्यासाठी दोन्ही गटांनी शिवाजी पार्कची मागणी केली. महापालिकेने दोघांनाही नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये उद्धव ठाकरे गटाला मैदान देण्याचा आदेश दिला, तर एकनाथ शिंदे गटाचा मेळावा वांद्रे-कुर्ला संकुलात झाला.

महत्त्व

निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेनुसार मैदानांसारख्या सार्वजनिक जागांवर सत्ताधारी पक्षाने मक्तेदारी गाजवू नये आणि त्या सर्व पक्षांना समान अटींवर मिळाव्यात. हे तत्त्व केवळ निवडणूक काळापुरते बंधनकारक आहे. एरवी मैदानाचे आरक्षण स्थानिक संस्थेकडे, मोर्चाची परवानगी पोलिसांकडे आणि संरक्षित स्मारकाचा निर्णय केंद्र शासनाकडे असतो. वसई-विरारसारख्या वेगाने वाढणाऱ्या शहरात मोकळ्या जागाच आक्रसत असल्याने हा प्रश्न अधिक बिकट होतो. मैदान राखणे हे खेळासाठी जितके आवश्यक आहे, तितकेच लोकांनी एकत्र येऊन सत्तेला प्रश्न विचारण्यासाठीही आवश्यक असते.

हेही पहा

वसईचा किल्ला
वसई-विरार शहर महानगरपालिका
पालघर जिल्हा
शिवाजी पार्क
हुतात्मा चौक