सायकलस्वारांनी घडवलेले नकाशे

रस्त्यावरील धोक्याच्या जागा वाटसरूंनीच नकाशावर नोंदवाव्यात, ही कल्पना संगणकयुगातील मानली जात असली, तरी ब्रिटनमधील सायकलस्वारांनी तिचा पाया एकोणिसाव्या शतकातच घातला होता. १८७८ साली हॅरोगेट येथे स्थापन झालेली आणि १८८३ पासून ‘सायकलिस्ट्स टूरिंग क्लब’ या नावाने ओळखली गेलेली संघटना गावोगावी ‘कॉन्सल’ म्हणजे स्थानिक प्रतिनिधी नेमत असे. त्या काळच्या उंच पुढच्या चाकाच्या सायकलीवर स्वार जवळजवळ चाकाच्या माथ्यावरच बसलेला असल्याने, उतारावर चाक दगडाला अडले की तो हँडलवरून डोक्यावर आपटे, आणि टायरवर दाबला जाणारा चमच्यासारखा ब्रेक त्याला क्वचितच सावरू शके. म्हणून क्लबने तीव्र उतारांच्या माथ्यावर धोक्याच्या पाट्या उभारल्या.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी क्लबच्या सभासदांनी एडिनबरोच्या बार्थोलोम्यू या नकाशा-प्रकाशकांना दुरुस्त्या कळवण्यास सुरुवात केली. एक मैल अर्ध्या इंचात दाखवणाऱ्या या नकाशांत रस्त्यांची प्रतवारी लावलेली असे, आणि ज्या रस्त्यांना रंग दिलेला नाही ते सायकलस्वारांनी टाळावेत, अशी सूचना छापलेली असे. रस्त्याचे मोल तेथे चाकाखाली तो कसा लागतो यावरून ठरत होते, हे या नकाशांचे खरे वैशिष्ट्य होय.

२००४ साली लंडनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या सर्वांना संपादनास खुल्या नकाशात हीच परंपरा नव्याने रुजली. सायकलमार्गांबरोबरच पदपथ, ओलांडण्याच्या जागा, एवढेच नव्हे तर पदपथाच्या कडेची उंचीही स्वयंसेवक त्यात नोंदवू लागले, आणि चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्यासाठी ही शेवटची नोंद निर्णायक ठरते. कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठात २०१४ साली सुरू झालेल्या ‘बाइकमॅप्स’ने अपघातांबरोबर थोडक्यात टळलेल्या अपघातांच्याही नोंदी मागवल्या. उभ्या मोटारीचे दार अकस्मात उघडून स्वार जेमतेम बचावला, तर पोलीस किंवा रुग्णालयाच्या दप्तरात त्याचा सहसा मागमूस राहत नाही. तो धोका तेथे दुसरा कोणी जखमी होण्याआधी दिसणे, हेच या नोंदींचे मोठे मोल आहे.

मात्र अशा नकाशावर ठिपक्यांची दाटी दिसली म्हणजे ती जागा सर्वाधिक घातकच, असे म्हणता येत नाही, कारण तेथून मुळातच पुष्कळ सायकली जात असू शकतात. त्यामुळे नोंदींची संख्या त्या मार्गावरील रहदारीशी ताडून पाहावी लागते, आणि ज्या वस्तीतून एकही नोंद आलेली नाही, तेथे प्रत्यक्ष जाऊन विचारपूस करावी लागते.