ऑनलाइन अध्यापनाचे शिक्षक-प्रशिक्षण : दोन परंपरा

दूरच्या माध्यमातून शिक्षकांना शिकविणे आणि त्या माध्यमातून विद्यार्थ्यांना कसे शिकवावे हे शिक्षकांना शिकविणे, ह्या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसल्या तरी वस्तुतः भिन्न आहेत. पहिलीत माध्यम हे केवळ साधन असते. दुसरीत ते स्वतःच अभ्यासविषय होते. ऑनलाइन शिक्षक-प्रशिक्षणाच्या इतिहासाचे आकलन होण्यासाठी हा भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

पहिल्या परंपरेचे ठळक उदाहरण भारतातच आढळते. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ ह्या काळात ‘साइट’ हा उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला. त्यात प्राथमिक शाळांच्या हजारो शिक्षकांना विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले. दूरचित्रवाणीच्या जोडीला नभोवाणी, छापील साहित्य व प्रत्यक्ष कृती ह्यांचीही योजना होती. तथापि प्रशिक्षण संपताच शिक्षक आपल्या वर्गात, फळ्यापुढेच उभा राहणार होता. समोर नसलेल्या विद्यार्थ्याशी बोलावयाचे कसे, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता.

तो प्रश्न ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत उभा राहिला. १९६९ साली स्थापन झालेल्या ह्या विद्यापीठाने १९८८ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या एका अभ्यासक्रमात ‘कोसी’ ही संगणकीय चर्चाप्रणाली योजिली. ही प्रणाली कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात निर्माण झाली होती. हजाराहून अधिक विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक लेखी संदेशांतून चर्चा करू लागले. हे लेखन होते, पण त्याचे कार्य संभाषणाचे होते. चेहऱ्यावरील भाव नाही, आवाजाचा चढउतार नाही. विद्यार्थ्याचे मौन समजल्याचे की कंटाळ्याचे, हेही कळण्यास मार्ग नाही. वर्गात सहज घडणारी प्रत्येक गोष्ट येथे शब्दांनी घडवावी लागे.

ह्याच विद्यापीठाच्या व्यवस्थापन-विद्यालयात गिली सॅमन यांनी ह्या अनुभवाला पद्धतीचे रूप दिले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘ई-मॉडरेटिंग’ ह्या ग्रंथात त्यांनी पाच टप्पे मांडले : प्रवेश व प्रेरणा, परस्परपरिचय, माहितीची देवघेव, ज्ञानाची घडण आणि विकास. प्रशिक्षणार्थी शिक्षकाने प्रथम त्याच माध्यमात विद्यार्थी म्हणून वावरावे, हे त्यांच्या प्रशिक्षणाचे मुख्य सूत्र होय. येथे उपरोक्त दोन्ही परंपरा एकत्र आल्या.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा-महाविद्यालये बंद पडली, तेव्हा मात्र हा अनुभव फारसा उपयोगात आला नाही. अनेक ठिकाणी यंत्राची तोंडओळख म्हणजेच प्रशिक्षण असे मानले गेले. त्याच महिन्यात काही अमेरिकी अभ्यासकांनी ‘आणीबाणीचे दूरस्थ अध्यापन’ ही संज्ञा योजून ते विचारपूर्वक आखलेल्या ऑनलाइन शिक्षणाहून वेगळे असल्याचे दाखवून दिले. भारतात २०१९ साली सुरू झालेला ‘निष्ठा’ हा शिक्षक-प्रशिक्षणाचा उपक्रम २०२० मध्ये ‘दीक्षा’ ह्या मंचावर आला. त्याची व्याप्ती मोठी होती. परंतु त्याचा मुख्य विषय सर्वसाधारण अध्यापन हाच असल्याने, स्वरूपतः तो ‘साइट’च्याच परंपरेत बसतो.

ह्यावरून पहिली परंपरा निरुपयोगी ठरत नाही. विखुरलेल्या शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचे तिचे सामर्थ्य निर्विवाद आहे. मात्र किती शिक्षकांनी पाठ पूर्ण केले, एवढ्या संख्येवरून दुसऱ्या परंपरेचे यश मोजता येणार नाही. दूर बसलेल्या विद्यार्थ्याच्या मौनाचा अर्थ लावून त्याला बोलते करण्यास शिक्षक किती समर्थ झाला, हीच तिची खरी कसोटी होय.