हार्लेममधले वाटाडे

दोन रेषांपासून सुरुवात करते. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाने दर लाख बायकांमागे किती मृत्यू होतात, याचा आलेख गेली कित्येक दशकं काढला जातो. त्यात एक रेषा गोऱ्या बायकांची, दुसरी कृष्णवर्णीय बायकांची. १९८०च्या आसपास या दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर आहेत. पुढे त्या फाकत जातात. गोऱ्यांची रेषा १९९०नंतर झपाट्याने उतरते, दुसरी उशिरा आणि रेंगाळत. आज तिथल्या कृष्णवर्णीय बाईला हा आजार होण्याची शक्यता गोऱ्या बाईपेक्षा किंचित कमीच आहे, पण त्याने मृत्यू येण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे.

हा आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला खटकली ती रेषा फाकण्याची वेळ. अज्ञानाच्या काळात त्या फाकल्या नाहीत. मॅमोग्राफी रुळली, टॅमॉक्सिफेनसारखं औषध हाती आलं, तेव्हा फाकल्या. उपाय तोकडे होते तोवर दोघींचं नशीब सारखंच होतं. उपाय आले आणि ते कुणाच्या दारापर्यंत पोचतात हा प्रश्न जन्माला आला. या प्रश्नाचा इतिहास शोधताना मी न्यूयॉर्कला पोचले, अर्थात कागदांतून.

मॅमोग्राफीने जीव वाचतात का, याची पहिली मोठी कसोटी न्यूयॉर्कमध्येच झाली. १९६३ साली तिथल्या ‘हेल्थ इन्शुरन्स प्लॅन’ या विमा योजनेतल्या ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२ हजार बायकांचे दोन गट पाडले गेले. एका गटाला दरवर्षी हाताने तपासणी आणि मॅमोग्राफी असं दोन्ही देऊ केलं, दुसऱ्या गटावर नेहमीसारखे उपचार चालू राहिले. सॅम शपायरो, फिलिप स्ट्रॅक्स आणि लुई व्हेनेट ही तीन माणसं यामागे होती. स्ट्रॅक्स क्ष-किरणतज्ज्ञ, त्यांची पत्नी याच आजाराने ऐन तारुण्यात गेलेली. दहा वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा तपासणीच्या गटातले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरले. जगभरच्या तपासणी मोहिमा पुढे याच आकड्याच्या आधारावर उभ्या राहिल्या. मात्र हा प्रयोग ज्यांच्याकडे विमा होता त्यांच्यावर झाला होता, ही गोष्ट तेव्हा कुणाला फारशी टोचली नसावी.

त्याच शहरात, मॅनहॅटनच्या उत्तर भागात, हार्लेम आहे. तिथलं हार्लेम हॉस्पिटल महापालिकेचं, १८८७ सालचं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर १९५८ साली एका बाईने कागद फाडायच्या सुरीने वार केला, तेव्हा त्यांचा जीव वाचला तो याच रुग्णालयात. तिथे १९६७ साली हॅरॉल्ड फ्रीमन हे चौतीस वर्षांचे शल्यविशारद रुजू झाले. ते स्वतः कृष्णवर्णीय. स्लोन केटरिंग या नामांकित कर्करोग रुग्णालयात शिकून आलेले. हात कसलेला, उमेद दांडगी. पण समोर येणाऱ्या बायकांपुढे सुरीचा उपयोग संपलेला असे. गाठ फुटून जखम झालेली, वास येणारी, काखेत पसरलेली. बाई येई तीच मुळी शेवटच्या टप्प्यात.

फ्रीमन यांनी १९८९ साली एका सहकाऱ्यासह या बायकांचा हिशेब प्रसिद्ध केला. १९६४ ते १९८६ या काळातल्या ६०६ रुग्ण. त्यांतल्या ९४ टक्के कृष्णवर्णीय. निम्म्यांकडे कसलाच विमा नाही. पहिल्या टप्प्यात आलेल्या फक्त ६ टक्के. जवळपास निम्म्या तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात. निदानानंतर पाच वर्षं जगलेल्या ३९ टक्के. लेखाच्या शीर्षकात त्यांनी ‘गरीब’ आणि ‘कृष्णवर्णीय’ हे दोन्ही शब्द ठेवले आहेत, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. वंश की गरिबी, असा वाद तिथे फार चालतो. फ्रीमन यांचं म्हणणं असं की, वंशाच्या नावाखाली आपण जे मोजतो त्यातलं बरंचसं गरिबीचं असतं. पण गरिबीही वंशाने ठरलेली असेल तर दोन्ही वेगळं कसं करणार? १९९० साली त्यांनी कॉलिन मॅककॉर्ड यांच्यासोबत दाखवून दिलं की हार्लेममधल्या कृष्णवर्णीय पुरुषाची ६५ वर्षांपर्यंत जगण्याची शक्यता बांगलादेशातल्या पुरुषापेक्षा कमी आहे. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहराच्या पोटात!

बायका उशिरा का येत? ‘अज्ञान’ हे उत्तर फार सोपं आहे आणि ते देणाऱ्याला सोयीचंही. दुखत नाही ती गाठ आजार वाटत नाही, हे जगात सगळीकडे खरं. माझ्या आत्यानेही सहा महिने हेच केलं होतं. ‘दुखत नाही तर दाखवायचं काय?’ असं ती म्हणे. पण हार्लेममध्ये त्याखाली आणखी थर होते. अलाबामातल्या टस्कीगीत १९३२पासून शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता ‘अभ्यासला’ जात होता, पेनिसिलिन आल्यावरही. हे १९७२ साली वर्तमानपत्रांनी उघड केलं. सरकारी दवाखान्याकडे संशयाने पाहण्याला ज्या समाजाकडे असं कारण आहे, त्याच्या संशयाला अज्ञान म्हणता येत नाही. शिवाय पैसा, रजा बुडणं, पोरांना कुणाकडे ठेवायचं, चार-चार तास बाकावर बसणं.

फ्रीमन यांनी १९७९ साली हार्लेममध्ये मोफत तपासणीची दोन केंद्रं काढली. बायका येऊ लागल्या. आणि मग खरी गोम कळली. तपासणीत संशय आला, कागदावर ‘पुढील तपासणी करावी’ असं लिहिलं गेलं, की पुढे बाई नाहीशी होई. मोफत तपासणी आणि उपचार यांच्यामधली जागा कुणाचीच नव्हती. आत्याच्या बाबतीत ती जागा मी पाहिलेली आहे: एका मोठ्या रुग्णालयात केसपेपरची खिडकी एकीकडे, पैसे भरायची दुसरीकडे, रिपोर्ट मिळायचा तो गुरुवारी आणि डॉक्टर बसायचे मंगळवारी. तिला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा वॉर्डातल्या एका मावशींनी तिचा हात धरून योग्य दारापर्यंत नेलं, नाहीतर ती घरीच बसली असती.

१९८९ साली फ्रीमन अमेरिकन कॅन्सर सोसायटीचे अध्यक्ष असताना संस्थेने देशातल्या सात शहरांत सुनावण्या घेतल्या. गरीब कर्करोगग्रस्तांनी स्वतः येऊन बोलायचं. त्यातून हार्लेममध्ये १९९० साली जे सुरू झालं त्याला इंग्रजीत ‘पेशंट नॅव्हिगेशन’ म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: वाटाड्या. डॉक्टर नाही, परिचारिका नाही. त्याच वस्तीतली, तीच बोली बोलणारी व्यक्ती. संशय आलेल्या क्षणापासून तिने बाईला सोडायचं नाही. तारीख मिळवायची, फोन करायचा, विम्याचे अर्ज भरायचे, हरवलेली फाइल शोधायची, भीती वाटली तर शेजारी बसायचं. पहिल्या काही वर्षांचा ताळा १९९५ साली आला: वाटाड्या सोबत असलेल्या बायकांपैकी ८७.५ टक्क्यांनी सांगितलेली बायॉप्सी पुरी केली, नसलेल्यांपैकी ५६.६ टक्क्यांनी.

१९९५ ते २००० या काळातल्या सुमारे सव्वातीनशे रुग्णांचा हिशेब पुढे आला तेव्हा शून्य किंवा पहिल्या टप्प्यात आलेल्या ४१ टक्के होत्या, तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या २१ टक्के. पाच वर्षं जगणाऱ्या ३९वरून ७० टक्क्यांवर गेल्या. हा आकडा भाषणांत फार मिरवला जातो, म्हणून थोडं थांबायला हवं. समजा एखादी बाई २००० साली जाणारच आहे. तिची गाठ १९९८ला सापडली तर ती ‘दोन वर्षं जगली’, १९९४ला सापडली तर ‘सहा वर्षं जगली’. आयुष्य एका दिवसानेही वाढलेलं नसताना टक्का मात्र सुधारतो. मधल्या काळात औषधंही सुधारली होती, आणि तुलनेला समांतर गट नव्हता. तेव्हा ३९ आणि ७० यांमधला सगळा फरक वाटाड्यांच्या खात्यावर टाकता येत नाही. पण निम्म्या बायका शेवटच्या टप्प्यात येत होत्या, तिथे पाचातली एक येऊ लागली, हे मला पाच वर्षांच्या टक्क्यापेक्षा भक्कम वाटतं.

सरकारची चाल याच काळात कशी होती, पाहा. १९९० साली अमेरिकी संसदेने गरीब बायकांच्या स्तन व गर्भाशयमुख तपासणीसाठी कायदा केला. तपासणीचा खर्च सरकार देणार. कर्करोग निघाला तर? उपचाराचा पैसा त्या कायद्यात नव्हता. बाईला सांगायचं की तुला कर्करोग आहे, आणि दार लावून घ्यायचं. ही फट बुजवणारा कायदा २००० साली आला, दहा वर्षांनी. वाटाड्यांसाठीचा कायदा २००५चा.

या सगळ्या आकड्यांत बाईचा आवाज ऐकायचा तर ऑड्री लॉर्डकडे जावं लागतं. हार्लेममध्ये जन्मलेली ही कृष्णवर्णीय कवयित्री. १९७८ साली तिचं स्तन काढावं लागलं. १९८० साली तिने आपली कर्करोगाची रोजनिशी प्रसिद्ध केली. कृत्रिम स्तन लावून काही घडलंच नाही असं दाखवायला तिने नकार दिला, कारण त्यामुळे अशा बायका एकमेकींना ओळखू शकत नाहीत.

वाट दाखवून सगळं सुटत नाही, हेही नोंदवते. कृष्णवर्णीय बायकांत ‘ट्रिपल निगेटिव्ह’ हा आक्रमक प्रकार सुमारे दुपटीने आढळतो, आणि कमी वयात. २००९ साली अमेरिकेच्या तज्ज्ञ गटाने नियमित मॅमोग्राफी पन्नाशीपासून करावी असं सांगितलं, तेव्हा चाळिशीतल्या या बायका नियमाबाहेर राहिल्या. २०२४ साली ते वय ४०वर आणलं गेलं.

मुंबईत १९९८ साली टाटा रुग्णालयाने, इंद्रनील मित्रा यांच्या पुढाकाराने, झोपडवस्त्यांत जो प्रयोग सुरू केला त्यात मॅमोग्राफी नव्हतीच. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका दोन गटांत. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ साली आले. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातलं निदान ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. सगळ्या वयांचा एकत्र विचार केला तर घट १५ टक्के, जी संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेशी उतरली नाही. दुसऱ्या गटाला इतकी वर्षं नुसतं तुलनेसाठी ठेवणं योग्य होतं का, यावर कडाडून टीकाही झाली. टस्कीगी आठवणाऱ्यांनी ती केली, याचं आश्चर्य वाटत नाही.

आणि देशाच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ दरम्यान, ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी स्तनांची तपासणी झालेल्या निघाल्या ०.९ टक्के. हे काम आता गावोगाव आशाताईंकडे आहे. त्यांना नियमित पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो. अमेरिकेत ‘मेडिकेअर’ने वाटाड्याच्या कामाचे वेगळे पैसे द्यायला सुरुवात केली ती १ जानेवारी २०२४पासून, हार्लेममधल्या पहिल्या वाटाड्यांनंतर ३४ वर्षांनी.